निंबोला ते धूलकोट, पहिल्या गिअरवर

धूलकोटला पाहायला जावं असं काही नाही. बाजार आहे, शाळा आहे, दवाखाना आहे, माझं माहेर आहे आणि माहेरच्या सात शेळ्या आहेत. लोक तिकडे कामानं जातात, काम झालं की परत येतात, त्याच्यावर कोणी लिहीत नाही. मी लिहून राहिली कारण मी निंबोल्याहून, म्हणजे सासरहून, मोटरसायकलवर गेली, स्वतः चालवत, आणि वापस पण आली. मी आठवी शिकली आहे, म्हणून जसं बोलते तसंच लिहीन. आणि मी घाबरट आहे हे आधीच सांगून ठेवते. कुकरची शिटी व्हायला आली की मी अंगणात जाऊन उभी राहते. लायसन्सचं विचारू नका, ते नंतर निघालं.

झालं असं की माझी गुड्डी दोन वर्षांची झाली तरी अंगावर पीत होती. सासूबाई म्हणाल्या आता तोड. मी कडुनिंब वाटून लावला. गुड्डीनं एकदा तोंड वाकडं केलं, दुसऱ्यांदा चाटून साफ केला आणि वरून पिऊन झोपली. मग शेजारणीनं मिरची सांगितली. मिरचीनं मलाच अशी आग झाली की मी मोरीत बसून रडत होती आणि गुड्डी दारात उभी राहून माझे डोळे पुसत होती. मग आमच्याकडे जो शेवटचा उपाय असतो तो केला. पोर पंधरा दिवस नानीकडे पाठवायचं आणि आईनं तोंड दाखवायचं नाही. माझा भाऊ आला आणि तिला बसनं धूलकोटला घेऊन गेला.

पहिले चार दिवस ती फोनवर रडायची, मी इकडं रडायची, मोबाईल मधल्यामध्ये ओला व्हायचा. नवव्या दिवशी माझी माय फोनवर एकदम खूश होती.

"आता रडत नाही व. तुझं नावच काढत नाही. राहू दे अजून महिनाभर."

मी म्हटलं, "हो का, बरं झालं," आणि फोन ठेवून केळीत गेली. केळीची पानं मोठी असतात, त्यांच्या मागं माणूस उभा राहिला तर दिसत नाही. माझं नावच काढत नाही म्हणजे काय? दूध तोडायला सांगितलं होतं, मला तोडायला कोणी सांगितलं होतं?

गुड्डीचे पप्पा केळीचा ट्रक घेऊन दिल्लीला गेले होते. तिकडून दुसरा माल भरून भलतीकडेच जाणार होते, महिनाभर घरी यायचा पत्ता नाही. बसनं जावं तर एकच बस कामाची. ती संध्याकाळी धूलकोटला पोचते आणि सकाळी परत निघते. सासूबाईंचं म्हणणं पडलं की रात्रीचा मुक्काम केला तर पोर झोंबेल अंगाला आणि नऊ दिवस पाण्यात जातील. वरून मला बस लागते. आमच्या लाईनीवरचे कंडक्टर मला चेहऱ्यानं ओळखतात आणि खिडकीची सीट स्वतःहून देतात, प्रेमानं नाही.

आणि ओसरीत पोत्याखाली गुड्डीच्या पप्पांची मोटरसायकल उभी होती.

मी भाकरी थापता थापता म्हटलं, "आई, मी ही गाडी शिकली तर? एका दिवसात जाऊन येईन. मुक्काम नाही."

सासूबाईंनी भाकर उलटली. "पहिले कुकर शिक."

बाहेर सासरे म्हशीला चारा टाकत होते. ते म्हशीलाच म्हणाले, "गाडी काही अवघड नाही म्हणावं. दोन पायांत धरायची आणि पुढं पाहायचं."

आमच्या घरात सासरे सुनेशी बोलत नाहीत, सून सासऱ्यांशी बोलत नाही. लग्नाला पाच वर्षं झाली, त्यांचा आवाज मी फक्त म्हशीमार्फत किंवा सासूबाईंमार्फत ऐकला होता. पण एक मी पाहिलं होतं. गुड्डी गेल्यापासून ते जेवताना ताटाच्या कडेला गुळाचा खडा काढून ठेवायचे आणि मग जेवण झाल्यावर तो तसाच उचलून परत डब्यात टाकायचे.

केळीतली वाट

शिकायची जागा ठरली केळीतली गाडवाट. गुड्डीच्या पप्पांची जुनी पँट आत, वर साडी, साडीचा काष्टा असा काहीतरी खोचलेला. मी कशी दिसत होती ते सांगत नाही. आता अडचण अशी, की सासऱ्यांसमोर नाकापर्यंत पदर पाहिजे आणि नाकापर्यंत पदर घेतला तर पुढचं केळीचं झाड दिसत नाही. ह्याच्यावर सासऱ्यांनी तोड काढली. ते खाटेवर माझ्याकडं पाठ करून बसले. नुसत्या आवाजावरून शिकवणार. मधे बांधावर सासूबाई, त्यांचं ऐकून मला सांगायला.

"क्लच हळू सोडावा म्हणावं."

"क्लच हळू सोड म्हणतात."

तोपर्यंत मी सोडलेला असायचा. गाडी ससा उडी मारतो तशी उडी मारून बंद पडायची. असं पंचवीस-तीस वेळा झालं. किक मारून मारून माझी पोटरी सुजली. सासरे पाठमोरे बसून मान हलवत होते. दुसऱ्या दिवशी गाडी चालली, आणि चालली तर थांबेना.

"ब्रेक म्हणावं," सासरे म्हणाले.

"अहो कोणता, हाताचा का पायाचा?" सासूबाईंनी विचारलं.

"दोन्ही म्हणावं."

"दोन्ही म्हणतात व."

हे बोलणं होईपर्यंत मी केळीत होती. दोन झाडं आडवी, एकाला घड होता, कच्चा. मी गाडीखाली, चाक फिरून राहिलं आणि मी गाडीलाच म्हणते आहे, थांब माय, थांब. तीन दिवस घरात कच्च्या केळाची भाजी झाली. सासूबाई वाढताना दर वेळी म्हणायच्या, "घे, तुझ्याच हातची आहे."

तिसऱ्या दिवशी वाट मी विसरली आणि गाडी विहिरीकडं निघाली. विहिरीला कठडा आहे पण कमरेइतकाच. मला सगळं दिसत होतं, कठडा, त्याच्यावर ठेवलेली बादली, बादलीवर बसलेला कावळा. हातपाय मात्र माझे नव्हते. सासूबाईंच्या तोंडातून शब्दच निघेना.

सासरे वळले. "सुनबाई, ब्रेक."

मी ब्रेक मारला. कावळा उडाला. गाडी कठड्यापासून हातभर लांब उभी राहिली. सासऱ्यांना इतकी लाज वाटली की ते टोपी झटकत गावात निघून गेले आणि जेवायलाच आले. पाच वर्षांत माझ्याशी बोललेला त्यांचा पहिला शब्द ब्रेक. पण गंमत अशी की त्यानंतर मला ब्रेक लागायला लागला. कुठं जोरानं दाबायचा, कुठं नुसता पाय ठेवायचा, समजायला लागलं. पाचव्या दिवशी मी वाटेच्या टोकाला जाऊन वळून आली. गाडी बंद न पडता, कोणाला न मारता. सासरे पाठमोरेच होते. म्हणाले, "दुसऱ्यात आहे म्हणावं. आवाज चांगला आहे."

निघाली

सकाळी लवकर निघाली. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटवर पदर, कारण सासरे दारात होते. पदर हेल्मेटवरून सारखा घसरत होता म्हणून सासूबाईंनी त्याला दोन पिना लावल्या. पिशवीत बऱ्हाणपूरची मिठाई, दराबा, कारण माहेरी रिकाम्या हातानं जाता येत नाही, घाबरून अर्धमेली झालीस तरी. सासरे म्हशीला म्हणाले, "उतारावर न्यूट्रल करू नये म्हणावं. येताना पोरीला पुढं घेतलं तर बांधून घ्यावं." सासूबाई म्हणाल्या, "दिवस असताना ये."

पंधरा दिवसांत माझी काय हालत होती ते बायांना सांगायला नको. दूध साचून अंग दगडासारखं झालेलं, ओली फडकी ठेवून कसं तरी उतरवलेलं. रस्त्यात खड्डा आला की मी माय म्हणायची. आमच्याकडच्या रस्त्यावर खड्डे किती ते तुम्हाला माहीतच असेल, म्हणजे मी मायची किती आठवण काढली ते पाहा.

हायवेवर केळीचे ट्रक. प्रत्येक ट्रक मागून आला की मला वाटायचं हा माझ्या अंगावरूनच जाणार आणि वरून त्याचा ड्रायव्हर गुड्डीचे पप्पाच निघणार. मी कडेच्या मातीतून चालली होती, पहिल्या गिअरमधे. दुसरा टाकला की गाडी जास्त पळते, आणि पळणं मला नको होतं.

एका टपरीवर चहासाठी थांबली. गाडी बंद केली नाही, तिच्यावरच बसून राहिली.

टपरीवाला म्हणाला, "ताई, बंद कर ना, पेट्रोल जाऊन राहिलं."

"बंद होते. चालू होत नाही."

"मग मी किक मारून देतो."

"आणि पुढं कोण मारून देईन?"

त्याला हे पटलं. त्यानं चहा गाडीवर आणून दिला, सोबत शेव. हँडल एका हातात, ग्लास दुसऱ्या हातात, गाडीच्या थरथरीनं अर्धा चहा पँटवर. पण तेवढ्या चहानं मी थोडी माणसात आली.

हायवे सोडून डोंगराकडं वळली तेव्हा पुढं सायकलवर एक म्हातारे, पांढरी टोपी, सदरा, मधोमध. मागून एकदम सासऱ्यांसारखे. आमच्याकडं सासरच्या शिवेत डोक्यावर पदर पाहिजे, माहेरच्या शिवेत नाही. मधला रस्ता कोणाचा, हे कोणी सांगितलेलं नाही. हे म्हातारे सासरकडचे कोणी मामा-काका असले तर त्यांच्यावर हॉर्न वाजवायचा? सुनेनं? मी नाही वाजवला. त्यांच्या मागं मागं सायकलच्या चालीनं चालली. दोन वेळा गाडी बंद पडली, दोन वेळा मी किक मारून परत त्यांच्या मागं. शेवटी ते सायकलवरून उतरले.

"काय व बाई, माझ्या मागं काउन लागली? हॉर्न खराब आहे का?"

"नाही बाबा, चांगला आहे."

"मग वाजव ना. गाडीला दिला कशासाठी?"

मी वाजवला. ते बाजूला झाले. "असं," म्हणाले आणि सायकलवर बसले. मी पुढं गेल्यावर त्या पिना काढल्या आणि पदर कमरेला खोचला. ज्या बाईला अर्धा तास मागं चालून पण ओळखलं नाही, ती बाई त्या गावची सून नसावी, असा मी हिशेब केला.

चढावर

डोंगरातली झाडं तेव्हा उघडी झाली होती, नुसता पळस पेटलेला होता. चढावर मी घाबरून एकदम क्लच दाबला आणि गाडी मागं जायला लागली. ब्रेक मारला तर थांबली, पण बंदच पडली. आता ब्रेक सोडला तर मागं जाणार आणि न सोडता किक मारता येईना. मी तशीच उभी राहिली, चढावर, एक पाय ब्रेकवर, एक जमिनीवर. किती वेळ ते माहीत नाही. एक सरडा रस्ता ओलांडून गेला आणि परत आला.

मग खालून एक बाई आली. डोक्यावर लाकडांची मोळी, हातात कोयता. तिनं मला पाहिलं, मोळी उतरवली, रस्त्याच्या कडेचा दगड पायानं लोटत आणला आणि मागच्या चाकाला लावला, बैलगाडीला लावतात तसा.

"छोड अब," ती म्हणाली.

मी ब्रेक सोडला. गाडी जागच्या जागी. मला इतकं रडू आलं.

"कहाँ जाती?"

"धूलकोट. पोरीला आणायला. पंधरा दिवस झाले."

"दूध छुडाया?"

माझा ओला ब्लाउज पाहिल्यावर तिला सांगायची गरज नव्हती. ती म्हणाली, "मेरी तो चार साल पीती रही. क्या बिगड गया, लकडी लाती है आज." मग हँडलकडं बोट दाखवून, "आवाज बढा, फिर छोड. डरते-डरते मत छोड."

मी किक मारली आणि तसं केलं. गाडी चढली. मी ओरडून म्हटलं बसा मागं, तर ती हसली. "तेरे से पहले मैं पहुँचूँगी." आणि खरंच सांगते, वर एका वळणावर मी दम खायला थांबली होती तर ती मोळीसकट पायवाटेनं वर येऊन माझ्या आधी पुढं निघून गेली.

धूलकोट

माहेरी शिरताना मी हॉर्न वाजवतच गेली. कुठलाही म्हातारा मधे नव्हता तरी. अंगणात माय शेळीला पाला टाकत होती आणि तिच्या मागं गुड्डी, झिंज्या बांधलेल्या, पायात माझ्या भावाच्या मोठ्या चपला. तिनं गाडी पाहिली, हेल्मेट पाहिलं आणि चपला सोडून पळत आली.

"पप्पा, पप्पा!"

मी हेल्मेट काढलं. ती थांबली. माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं, गाडीच्या पलीकडं जाऊन पण पाहून आली. पप्पा कुठंच नव्हते. मग ती जाऊन नानीच्या लुगड्याला धरून उभी राहिली. मी हात पुढं केले ते तसेच राहिले.

माय म्हणाली, "तू आली कशी व? अजून महिनाभर ठेव म्हटलं होतं ना. आत्ता कुठं विसरली."

"मी आणि गाडी, दोघीच आलो."

"जवायाची गाडी? कोणी शिकवली?"

"सासऱ्यांनी. पाठ करून."

मायला वाटलं मला ऊन लागलं. तिनं पाणी दिलं, मग मक्याची भाकर, लसणाची चटणी आणि शेळीच्या दुधाचा चहा. सासरी म्हशीच्या दुधाचा घट्ट चहा पिऊन पिऊन हा चहा आता मला पाण्यासारखा लागतो, पण हे मी माहेरी सांगत नाही. शेजारपाजारच्या बाया गाडीभोवती जमल्या. एकीनं सायलेन्सरला हात लावून पाहिला आणि बोट तोंडात घातलं. दुसरी म्हणाली, "पाहा, ही तीच, जी शाळेत जाताना कुत्रं दिसलं की परत यायची." मी म्हटलं, "आताही येते."

गुड्डी नानीच्या मांडीवरून मला पाहत होती. मी दराबा पुढं केला, तो तिनं घेतला, मला नाही घेतलं. मग मी कंटाळून, खरं म्हणजे घाबरून, जाऊन गाडीवर बसली. थोड्या वेळानं कोणीतरी पँट ओढली. मी तिला उचलून टाकीवर बसवली. तिनं माझ्याकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही, दोन्ही हात हँडलवर ठेवले आणि तोंडानं गाडीचा आवाज केला. मायनं उतरवायला हात लावला तर अशी किंचाळली की शेळ्या दावणीला ओढायला लागल्या.

पंधरा दिवसांनी माझी पोरगी माझ्याजवळ आली ती गाडीसाठी. मला तेवढं पण चालण्यासारखं होतं.

निघताना मायनं आपलं जुनं लुगडं काढलं आणि गुड्डीला माझ्या पोटाशी गच्च बांधली, वरून दोन गाठी. गाठ मारताना माझ्या कानाशी म्हणाली, "वाटेत पाजू नको. सगळं पाण्यात जाईन. मनाला दगड बांध."

"दगड तर बांधलेलेच आहेत, माय," मी म्हटलं.

परत

येताना मी आणखी हळू चालवली, कारण आता गाडीवर दोन जीव होते आणि त्यातला एक माझा नव्हता, माझ्याहून महाग होता. चढ आता उतार झाला होता. गिअर काढला नाही, गाडी स्वतःच घुर्र करत उतरत राहिली. गुड्डी शेळ्यांना, झाडांना, दगडांना टाटा करत होती. कुठंतरी सपाटीवर आल्यावर मी पाहिलं की गाडी तिसऱ्या गिअरमधे आहे. मी कधी टाकला? पायानं टाकला असेल, मला न विचारता. खोचलेला पदर सुटून वाऱ्यावर होता, खांदे खाली आले होते. माझे खांदे कानाला लागलेले असतात हे मला तेव्हा समजलं, खाली आल्यावर. मी हसायला लागली आणि हेल्मेटमधे हसलं की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येतो.

पळसाखाली थांबली, पाणी पाजायला. लुगडं सोडलं. ती माझ्या मांडीवर बसून पाणी प्यायली. आजूबाजूला कोणी नव्हतं. माझं अंग असं ठणकत होतं की दात दाबून धरले होते. मायनं सांगितलेलं आठवत होतं, सासूबाईंनी सांगितलेलं आठवत होतं. सगळं आठवत असताना मी ब्लाउजचा हूक काढला.

खोटं कशाला बोलू. तिनं मागितलं नव्हतं. मीच दिलं.

गुड्डीनं पाहिलं. बोट लावलं. एक थेंब आला, तो तिनं बोटावर घेऊन पाहिला, माझ्याच साडीला पुसला. मग माझा पदर दोन्ही हातांनी ओढून वर आणला, झाकून टाकलं आणि वर थापटलं, जसं मी तिला झोपवताना थापटते तसं.

"मम्मी, गाडी," ती म्हणाली. "चल."

भेटल्यापासून पहिल्यांदा मम्मी म्हणाली. मी हूक लावला, तिला बांधली, गाठी बरोबर बसल्या का दोनदा पाहिलं. किक मारली. गाडी चालू झाली.

ऊन कलायच्या आत आम्ही निंबोल्यात होतो. सासरे दारात होते. त्यांनी माझ्याकडं पाठ केली आणि गुड्डीकडं हात पसरले, हे दोन्ही एकदम कसं जमलं ते मला अजून समजलं नाही. ती त्यांच्या खांद्यावर गेली.

सासूबाईंनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. "सुटलं का दूध?"

"तिचं सुटलं," मी म्हटलं.

त्या आत वळल्या आणि आतूनच म्हणाल्या, "पाणी तापवून ठेवलं आहे. ये, शेकून देते."